उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडे : घरच्या सगळ्यांनी मिळून करायचे बिनखर्ची उद्योग

मराठवाड्यात मे महिन्याचा दिवस दोन तुकड्यांत वापरावा लागतो. सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो, सातच्या आतबाहेर मावळतो, आणि मधले आठेक तास बाहेरच्या कामाचे नसतात. नांदेड-परभणीकडे पारा ४२-४३ अंशांवर जाणं नेहमीचंच. सुट्टीतले चांगले बेत फसतात ते बहुतेक वेळ चुकल्यामुळे. सकाळी आठला निघू म्हणत साडेदहाला निघालेली मंडळी बाराला चिडचिडी होऊन परत येतात आणि मग महिनाभर कुणी बाहेर पडायचं नाव काढत नाही.

म्हणून आधी घड्याळ बसवा. बाहेरचं काम सकाळी साडेसहा ते नऊ. त्यानंतर साडेपाचपर्यंत ओसरी, माळवदाची खोली किंवा कडुलिंबाची दाट सावली. संध्याकाळी पुन्हा दीड तास, आणि जेवणानंतर गच्ची. खाली दिलेले उद्योग याच हिशोबाने आहेत. एका दिवशी एकच मोठा उद्योग धरा, दोन धरले की दोन्ही अर्धे राहतात.

उन्हातून आल्यावर देण्यासाठी साखर-मिठाचं पाणी घरात तयार असू द्या : १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर ते ओतून द्या आणि नवीन करा. रोज नवं करायचं, कालचं वापरायचं नाही. लेकरू बरळायला लागलं, अंग तापून घाम थांबला किंवा झटका आला तर ती साधी दमछाक नाही. सावलीत झोपवून अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

गावची बारव मोजणे

लेणी-किल्ले पाहायला सगळेच जातात. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, तिकीट लागतं (१५ वर्षांखालच्यांना लागत नाही) आणि मेमध्ये तिथला दगड तापलेला असतो. त्यापेक्षा स्वतःच्या किंवा शेजारच्या गावातली बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर, मोजायला घ्या. मराठवाड्यात बऱ्याच जुन्या देवळांशेजारी बारव असते. परभणी जिल्ह्यातल्या चारठाणा आणि वालूरच्या बारवा प्रसिद्ध आहेत. वालूरची तर पायऱ्यांचं चक्र खाली उतरत जाणारी आहे. पण नाव नसलेल्या, वेड्या बाभळीने झाकलेल्या बारवा त्याहून कितीतरी जास्त. मेमध्ये पाणी खाली गेलेलं असतं, म्हणून इतर वेळी बुडालेल्या पायऱ्या आणि कोनाडे याच दिवसांत दिसतात.

सामान घरचंच : बांधकामाचा ५ मीटरचा टेप, १५ मीटर सुतळी (दर मीटरला गाठ मारलेली), सुतळीच्या टोकाला बांधायला मुठीएवढा दगड, चौकटीची वही, पेन्सिल आणि दिशा दाखवणारा मोबाइल. खडू नेऊ नका, दगडावर काहीही लिहायचं नाही. जागा देवस्थानची असेल तर पुजाऱ्याला, खासगी असेल तर मालकाला आदल्या दिवशी विचारून ठेवा.

आधी वरच्या कडेने पूर्ण फेरी मारा आणि खाली उतरायच्या वाटा मोजा. जुन्या शिल्पग्रंथांत यावरूनच नावं ठरलेली आहेत : एक वाट असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन जया, चार विजया. वाट कोणत्या दिशेला आहे तेही लिहा.

मग वरच्या चारही बाजूंची लांबी घ्या. चौरस वाटणारी बारव खरंच चौरस आहे का, हे कर्णांवरून कळतं. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही अंतरं सारखी आली आणि चारही बाजूही सारख्या असतील तर चौरस. सुतळी ओढून धरताना मधे झोळ पडला की माप वाढतं, म्हणून दोन्ही टोकांना मोठी माणसं हवीत आणि कडेपासून एक पाऊल मागे.

पुढे पायऱ्या. एका पायरीची उंची मोजून गुणाकार करू नका, दगड कमी-जास्त असतात. सलग पाच पायऱ्यांची उंची मोजून पाचने भागा आणि त्या सरासरीला एकूण पायऱ्यांनी गुणा, म्हणजे पाण्यापर्यंतची खोली आली. आता वरच्या कडेवरून दगड बांधलेली सुतळी पाण्याला टेकेपर्यंत सोडा आणि गाठी मोजा. दोन्ही आकड्यांत हातभराहून जास्त फरक पडला तर बहुधा मधला एखादा टप्पा मोजायचा राहिलेला असतो, किंवा काही पायऱ्या मातीत गाडल्या गेल्या असतात. कोणतं ते पुन्हा उतरून पाहा. लेकरांना सगळ्यात जास्त मजा याच तपासात येते.

कोनाडे (देवकोष्ठ) किती, त्यांत मूर्ती आहे की रिकामे, दगडांच्या सांध्यांत चुना आहे की नुसते दगडावर दगड बसवलेत, हेही वहीत घ्या. अक्षरं कोरलेली दिसली तर सकाळच्या तिरप्या उन्हात बाजूने फोटो घ्या, खोलगट भागात सावली पडून अक्षरं उठून दिसतात. अक्षरांवर तेल, पीठ, राख काही चोळू नका. घरी आल्यावर एका मीटरला एक चौकट धरून नकाशा काढा.

पाण्याची पातळी मात्र एकदा मोजून सोडू नका. कडेवरचा एक ठरलेला दगड धरा आणि दर पंधरा दिवसांनी तिथूनच मोजा. भूजल सर्वेक्षणाच्या निरीक्षण विहिरीही जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा ठरलेल्या महिन्यांत मोजल्या जातात. दिवाळीच्या सुट्टीत त्याच दगडावरून पुन्हा मोजलं की पावसाने किती भर घातली ते मीटरमध्ये कळतं.

धोके तीन. कमानीखाली आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी परत फिरा. धूर, अत्तर, दगडफेक यांपैकी काहीही चालणार नाही. पाण्याजवळच्या शेवाळलेल्या शेवटच्या चार-पाच पायऱ्यांवर लेकरांनी जायचं नाही. आणि सुट्या दगडाखाली हात घालायचा नाही, उन्हाळ्यात विंचू तिथेच असतो. लाल विंचू चावल्यावर घाम सुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता तडक सरकारी दवाखाना गाठा.

विहिरीत पोहायला शिकवताना

हा उद्योग द्यावा की नको असा प्रश्न पडतो, पण लेकरं विहिरीकडे जाणारच. मग शिकवूनच जावीत. फक्त जागा नीट निवडा.

शेततळ्यात कधीही नाही. प्लास्टिकच्या कागदाचा उतार ओला झाला की त्यावर पाय टिकत नाही आणि पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. दरवर्षी शेततळ्यांत माणसं जातात ती खोलीमुळे कमी, काठ पकडता न आल्यामुळे जास्त. स्वतःचं शेततळं असेल तर चारही बाजूंना पाण्यापर्यंत पोचणारा गाठी मारलेला दोर आज बांधा, मग पुढचं वाचा.

विहीर पायऱ्यांची हवी. मोटर असेल तर स्टार्टर बंद करून भागत नाही, मेन स्विच खाली ओढा आणि तिथे एक माणूस बसवा, कारण लाइट आली की कुणीतरी सवयीने बटण दाबतं. पाण्यात उतरणारा एक मोठा पोहणारा आणि काठावर दोर धरणारा दुसरा, एवढं असल्याशिवाय सुरू करू नका. एका वेळी एकच लेकरू.

पाठीला बांधायला पूर्वी सुके भोपळे असत, नंतर पत्र्याचे डबे आले. आता गोडेतेलाचे ५ लिटरचे दोन रिकामे कॅन पुरतात, झाकणं घट्ट हवीत. छातीभोवती काखेखालून सुती दोर, न सरकणारी गाठ. गाठ पाठीवर घ्या, पोटावर घेतली की ओढताना तोंड पाण्यात जातं. पहिले दोन-तीन दिवस नुसतं पायरीवर बसून तोंड पाण्यात घालून नाकाने श्वास सोडायचा. ही पायरी गाळली की लेकरू मान वर काढून पोहायला जातं आणि त्याचे पाय बुडतात. पुढचे दोन-तीन दिवस पायरी धरून पाय मारणं. मग कॅन. पाय सुटले की प्रत्येक कॅनमध्ये दीड लिटर पाणी भरा, दोन दिवसांनी तीन लिटर. आधार हळूहळू कमी होतो आणि लेकराच्या लक्षातही येत नाही. कॅन एकदम काढून घेणारे काका घरोघरी असतात. त्यांना काठावर दोर धरायला बसवा.

चिंचोक्यांची दुपार

नऊ ते साडेपाच काय करायचं, हाच खरा प्रश्न. चल्लस-आठ हा खेळ त्यासाठीच आहे. चार मोठे चिंचोके घ्या आणि खरखरीत दगडावर एकेकाची एक बाजू पांढरी दिसेपर्यंत घासा. कोरडे घासले तर बोटं भाजतात, थोडं पाणी लावत राहा. फरशीवर खडूने ५ x ५ चा पट काढा. चारही बाजूंचं मधलं घर आणि अगदी मधलं घर यांवर फुली मारा. प्रत्येकाला चार सोंगट्या : बांगडीचे तुकडे, ज्वारीच्या धाटाचे कांडे, तुरीचे दाणे, खडे.

चिंचोके टाकल्यावर जितके पांढरे वर तितकं दान. चारही पांढरे म्हणजे ४, ते चल्लस. चारही काळे म्हणजे ८. या दोन्हींवर पुन्हा टाकायला मिळतं. आपल्या बाजूच्या फुलीच्या घरातून निघायचं, बाहेरच्या रांगेतून उजव्या हाताने पुढे जात पूर्ण वळसा घ्यायचा, मग आतल्या आठ घरांतून उलट्या दिशेने फिरून मधल्या घरात. निघाल्यापासून एकूण २४ घरं चालायची असतात. दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली बसली की ती मरते आणि तिच्या घरी परत जाते, मारणाऱ्याला जादा दान. फुलीवर मरण नाही. निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या रांगेत शिरता येत नाही. गावोगाव नियम बदलतात, म्हणून सुरू करण्याआधीच आजीकडून ठरवून घ्या, अर्ध्या डावात भांडणं होतात ती यावरूनच.

सातवी-आठवीचं लेकरू असेल तर १६० वेळा चिंचोके टाकून दानं मांडायला सांगा. चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखाच पडत असता तर साधारण १ चाळीस वेळा, २ साठ वेळा, ३ चाळीस वेळा, आणि ४ नि ८ दहा-दहा वेळा यायला हवेत. प्रत्यक्षात ८ फार येत असतील तर घासलेली बाजू जास्त सपाट झाली आहे आणि तीच खाली बसते. दुसरी बाजूही किंचित घासा, फरक पडतो.

शून्य सावली

उन्हात थांबण्याची परवानगी असलेला हा एकच उद्योग, तोही दहा मिनिटांपुरता. मकरवृत्त आणि कर्कवृत्त यांच्यामधल्या प्रत्येक गावात वर्षातून दोन दिवस दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. मराठवाडा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने ते दोन दिवस मे आणि जुलैत येतात. जुलैत ढग असतात, म्हणून मेचा दिवस धरायचा : धाराशिवला १२ मेच्या सुमारास, लातूरला १३, बीडला १५-१६, नांदेड-परभणीकडे १६-१७, हिंगोलीला १८, जालना आणि छत्रपती संभाजीनगरला १९. तुमचं गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून दक्षिणेला असेल तर तारीख थोडी अलीकडे, उत्तरेला असेल तर पलीकडे. एखादा दिवस चुकला तरी सावली नखाएवढीच दिसते.

बारा वाजता सावली नाहीशी होत नाही, आणि इथेच लोक हुकतात. आपलं घड्याळ प्रयागराजजवळून (पूर्वीचं अलाहाबाद) जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाचं आहे. आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो नांदेडकडे १२ वाजून १७ मिनिटांच्या आणि संभाजीनगरकडे १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास. बारा दहाला तयार राहा आणि साडेबारापर्यंत दर दोन मिनिटांनी सावलीचं टोक पाहा.

काठी जमिनीत रोवू नका, ती सरळ रोवली जातच नाही. फूटभर लांबीचा प्लास्टिकचा पाइप सपाट लाकडी पाटावर उभा ठेवा. पाट समतल आहे का, हे पाणी भरलेल्या ताटलीने तपासा, आणि पाइप उभा आहे का, ते गवंड्याच्या ओळंब्याने दोन बाजूंनी. पाइप हवा तो एवढ्यासाठी, की सूर्य माथ्यावर आला की पाइपाच्या आत पाटावर उजेडाचा पूर्ण गोल पडतो, आणि आधी-नंतर तो चंद्रकोरीसारखा कापलेला असतो. ते पाहायला वरून डोकं घातलं तर आपलीच सावली पडते. म्हणून पाइपाला तळाशी नखाएवढी खाच ठेवा आणि बाजूने पाहा. वर सूर्याकडे कुणी पाहायचं नाही, गॉगल घालूनही नाही.

त्याच दिवशी जमल्यास दिशाही काढा. पाटावर पाइपाच्या उंचीएवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ पाइपाभोवती काढून ठेवा. सकाळी नऊ-साडेनऊला पाइपाच्या सावलीचं टोक वर्तुळाला आतल्या बाजूने जाताना टेकतं, तिथे खूण करा. दुपारी साडेतीनच्या सुमारास ते बाहेर जाताना पुन्हा टेकतं, तिथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. मधे पाट कुणी हलवला तर सगळं वाया, तेवढं सांभाळा.

कुरड्यांचा चीक

वाळवणं घराघरांत होतातच. लेकरांना त्यातून हाकलायचं नाही, कामं वाटून द्यायची. गहू घरचे असतील तर वेगळा खर्च नाही.

१ किलो गहू धुवून भिजत घाला, तीन दिवस रोज सकाळी पाणी बदला. उन्हाळ्यात एक दिवस पाणी बदलायचं चुकलं की आंबूस वास सुटतो आणि कुरडई लालसर होते. गहू दोन बोटांत दाबून पांढरा चीक सुटला की झाले. मग वाटा, पातळ कापडातून गाळा, उरलेला चोथा दोन-तीन पाण्यांत पुन्हा कोळा. गाळलेलं पाणी रात्रभर न हलवता ठेवलं की सकाळी वर पिवळट पाणी आणि तळाशी घट्ट चीक. वरचं पाणी अलगद ओता.

चीक ज्या भांड्याने मोजाल त्याच भांड्याने तेवढंच पाणी उकळायला ठेवा. मीठ आणि हिंग पाण्यात. मीठ जरा कमीच, कुरडई वाळली की खारटपणा वाढतो. पाणी खळखळलं की एकाने चीक बारीक धारेने सोडायचा आणि दुसऱ्याने लाटण्याने सतत हाटायचं. हात थांबला की गाठी झाल्या, आणि गाठ सोऱ्याच्या जाळीत अडकते. पांढरा रंग जाऊन चीक चकचकीत, काचेसारखा दिसायला लागला की मंद आचेवर झाकून दोन वाफा द्या. ओल्या बोटाने टोचून पाहा, बोटाला चिकटला नाही तर शिजला. कच्चा राहिला तर कुरडई तळताना फुलत नाही, कडकडीत राहते. गार होऊ दिला तर तारा तुटतात. म्हणून सोऱ्या गरम चिकानेच भरा आणि भांडं झाकलेलं ठेवा.

हे सगळं सातच्या आत उरकून आठपर्यंत गच्चीवर पसरलेलं हवं. दुपारी वावटळ उठते, म्हणून कापडाच्या चारही कोपऱ्यांवर विटा. लेकरांची कामं : सोऱ्याखाली कागद फिरवणं, संध्याकाळी उलटणं, कावळे हाकणं आणि ताटलीभर गरम चीक तूप-गूळ घालून संपवणं.

बिया

सीडबॉलचा (बी भरलेले मातीचे गोळे टाकण्याचा) कार्यक्रम फोटोपुरता छान होतो. आपल्याकडच्या काळ्या मातीचे गोळे वाळले की तडकतात, मुंग्या बी नेतात आणि जे उगवतं ते शेळी खाते. त्यापेक्षा दुधाच्या पिशव्यांत पन्नास रोपं करा. पिशवीच्या तळाला चार-पाच भोकं, आणि दोन घमेली माती, एक घमेलं चाळलेलं जुनं शेणखत, एक घमेलं वाळू. वाळू नसेल तर काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात.

बी गोळा करायचं ते सकाळच्या फेरीत. बाभळीचं बी शेंगांतून काढत बसू नका. शेळ्यांच्या वाड्यात पडलेलं शोधा, शेळी शेंग खाऊन रवंथ करताना बी टाकते आणि त्याचं कठीण कवच मऊ झालेलं असतं. बहाव्याचं बी दगडावर एका कडेने घासून रात्रभर भिजवा, न घासता लावलं तर महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. चिंचोके उकळून उतरवलेल्या पाण्यात टाकून तसेच रात्रभर ठेवा. करंजाला नुसतं भिजवणं पुरे. निंबोळी आणि जांभूळ जूनच्या तोंडावर पिकतात आणि त्यांचं बी टिकत नाही. गर धुवून आठवड्याभरात लावा, महिनाभर ठेवलेल्या निंबोळीचा भरवसा नाही.

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल. रोज पेलाभर पाणी द्यायची जबाबदारी एकाच लेकराच्या नावावर लावा, सगळ्यांची असली की कुणाचीच नसते. यंदाच्या पावसात वीतभर रोप जमिनीत लावायची घाई करू नका. वर्षभर वाढू द्या, पुढच्या जूनमध्ये कमरेएवढं लावलं तर जगण्याची आशा असते.

गच्चीवरची रात्र

गावातले रस्त्याचे दिवे दिसणार नाहीत अशी बाज टाका. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात आणि मधे एकदा मोबाइल पाहिला की ती वाया जातात.

मेमध्ये नऊच्या सुमारास उत्तरेकडे उंचावर सप्तर्षी असतात. चौकोनाच्या पुढच्या कडेचे दोन तारे, पुलह आणि क्रतू, यांना जोडणारी रेघ क्रतूच्या बाजूने पाचपट वाढवली की ध्रुव. तो अंधूकच आहे, सगळ्यात ठळक तारा शोधू नका. हात सरळ लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात. मराठवाड्यातून ध्रुव क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी वर दिसतो, कारण आपलं अक्षांशही १८ ते २० आहे. हे मोजून पाहिल्यावर भूगोलातला अक्षांश पाठ करावा लागत नाही.

सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की तांबूस-पिवळी स्वाती, आणखी पुढे पांढरी-निळसर चित्रा. शेपटीतल्या मधल्या वसिष्ठाजवळची बारीक अरुंधती कुणाकुणाला दिसते, ते पाहा. आग्नेयेकडून वृश्चिक वर येतो, त्यातली लाल ती ज्येष्ठा. आणि मेच्या मध्याला नऊ-साडेनऊच्या दरम्यान दक्षिणेकडे क्षितिजापासून फक्त एक मूठ वर त्रिशंकूचे चार तारे पाहून घ्या. दिल्लीकडून ते दिसत नाहीत म्हटलं तरी चालेल. आपल्याकडून दिसतात, पण दक्षिणेला झाड किंवा टेकडी असेल तर गच्ची बदलावी लागते.

वळीव आणि पर्जन्यमापक

मेच्या शेवटी वळवाचे ढग यायला लागतात. गडगडाट ऐकू आला की बाहेरचा उद्योग तिथेच थांबवा. झाडाखाली, मोकळ्या वावरात, गच्चीवर किंवा विहिरीच्या काठावर थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲप घरातल्या एका मोबाइलवर असू द्या.

पाऊस येण्याआधी मापक तयार ठेवा. २ लिटरची थंड पेयाची बाटली जिथून निमुळती होते तिथे कापा आणि वरचा भाग उलटा करून फनेलसारखा बसवा. तळ वेडावाकडा असतो, म्हणून तळाशी खडे टाका आणि बाटली सरळ होते त्या रेषेपर्यंत पाणी भरा. ती रेषा म्हणजे शून्य. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. दोन विटांमध्ये बसवा, मोकळ्या अंगणात, भिंत किंवा झाड जेवढं उंच त्याच्या दुप्पट अंतरावर. गच्चीच्या कठड्यालगत ठेवलेला मापक वाऱ्याने नेहमी कमी दाखवतो. शून्याचं पाणी उन्हाने उडतं, ते रोज भरून घ्या.

नोंद सकाळी साडेआठला घ्यायची, हवामान खात्याचीही तीच वेळ आहे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. २० x १० फुटांचं पत्र्याचं छप्पर साधारण साडेअठरा चौरस मीटर भरतं. १० मिलिमीटरच्या सरीत त्यावर १८५ लिटर पडतं, उडालेलं-सांडलेलं सोडून दीडशे लिटर हाती लागावं. पहिल्या सरीचं पाणी छप्पर धुण्यात जाऊ द्या, पन्हाळाखाली ड्रम दुसऱ्या सरीला लावा आणि लेकरांचा हिशोब ड्रमशी ताडून पाहा. पाऊस नसेल त्या दिवशी रकाना रिकामा न ठेवता ० लिहा. नंतर वही उघडल्यावर पाऊस नव्हता की मोजायचं राहिलं, हे कळायला दुसरा मार्ग नसतो.